आवाज हळू करताना

आवाज मोठा कसा करावा, हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. लग्नाची वरात असो, गावची जत्रा असो की निवडणुकीचा गुलाल असो, भिंतीएवढी खोकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढतात आणि त्यांना आम्ही सारे 'डॉल्बी' म्हणतो. ज्या रे डॉल्बी यांनी १९६५ च्या सुमारास ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याची युक्ती काढली, त्यांचेच नाव आम्ही छाती हादरवणाऱ्या गोंगाटाला द्यावे, हा दैवदुर्विलासच म्हणायचा. पण आवाज हळू कसा करावा, तोही त्यातले काही न हरवता, हे शिकायला मला गेला अख्खा हिवाळा लागला. त्याचीच ही हकीकत. मी कलाशाखेचा विद्यार्थी. तेव्हा यात शास्त्र थोडे आणि घरगुती भानगडी जास्त आढळल्या, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमचे गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला. म्हणजे आताचे गाव. जुने गाव पाण्याखाली आहे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या आधीच काठची गावे एकेक करून माळावर आली. आबा, म्हणजे माझे आजोबा, सांगतात की आमचे बिऱ्हाड हलले तेव्हा बैलगाडीत आधी आजीचे जाते चढले, मग ज्वारीची पोती आणि सर्वांत शेवटी आबा. ते जाते अजून आमच्या पडवीत आहे. गिरणी आली तसे त्याचे रोजचे काम सुटले, पण लग्नकार्यात हळद दळायला ते लागतेच. २०१९ साली थोरल्या दादाच्या लग्नात आजी कित्येक वर्षांनी त्या जात्यावर बसली आणि गायली. माझ्या आतेबहिणीने ते सारे आपल्या मोबाइलवर घेतले. अकरा मिनिटे. जुन्या गावचा घाट, नदीकाठची टरबुजे, बुडालेल्या देवळाचा कळस, सारे त्या ओव्यांत आहे.

२०२२ साली आजी गेली. मग त्या अकरा मिनिटांची किंमत आम्हांला कळली.

हेमा रायरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मला कॉलेजात आल्यावर समजले. त्यातल्या पुष्कळशा गाणाऱ्या बायांच्या आवाजात ऐकायलाही मिळतात. पण आमच्या पडवीपर्यंत त्यांच्यापैकी कोणी आले नव्हते. आमच्या आजीच्या ओव्यांचे सारे भांडार म्हणजे ती एक फाइल.

आबांना रात्री झोप नाही. वय अठ्ठ्याहत्तर. दहा वाजता डोळा लागतो आणि एकला उघडतो तो उघडाच. गेल्या दिवाळीत एका रात्री मी अभ्यासाच्या नावाखाली जागा होतो. पलंगावरून आबा म्हणाले, "आरं, तुझ्या आजीचं ते गानं हाय न्हवं तुझ्यापशी? लाव की जरा."

मोबाइलच्या पिटुकल्या स्पीकरातून आजी डब्यात बसून गात असल्यासारखी वाटे. इयरफोनचे नाव काढले तर आबा म्हणाले, "कानात बोळं घालून तिला ऐकायची व्हय?" तेव्हा मी दुसरा घाट घातला. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, लग्नाआधी हौसेने घेतलेला एक अॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर माळ्यावर पडून होते. कॅसेटचा जमाना गेला तसे ते वर गेले होते. मी ते उतरवले, पुसले, शिक्षणासाठी घेतलेल्या माझ्या सेकंडहँड लॅपटॉपला वायरीने जोडले. खोकी ठेवली समोरच्या भिंतीवरच्या फडताळात, कारण पूर्वी त्यांची जागा तीच होती.

आता अडचण पाहा. घर आमचे दोन खोल्यांचे आणि पडवीचे. आतल्या खोलीत वहिनीचे सहा महिन्यांचे बाळ. पलीकडे आई, जिचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. आणि शेतीची वीज रात्रीची असली, की अण्णा मध्यरात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला बाहेर पडतात. ते परत येऊन तासभर पडतात, ती झोप तर सोन्याच्या मोलाची. म्हणजे आवाज हवा, पण दाराबाहेर जाता कामा नये.

अॅम्प्लिफायरचे गोल बटण अण्णांच्या काळापासून पाऊण फिरलेले होते आणि गंजून घट्ट बसले होते. मी त्याला हात लावला नाही. गाणे वाजवणाऱ्या प्लेअरचा आवाज मात्र शंभराच्या पुढे दोनशेपर्यंत नेता येत होता, तो नेला. म्हटले, रेकॉर्डिंग बारीक आहे, जोर येईल. आणि मग लॅपटॉपवरचा आवाज कमी करत करत आठावर आणला. आवाज हळू झाला. मी खूश.

आबा दोन ओव्या ऐकून म्हणाले, "ही ती न्हवं."

"अहो आबा, आजीच आहे."

"आरं, तिचा सूर हाय, पर ती न्हाई. जातं कुठं गेलं? आन् ओवी सरताना ती सूर सोडायची, ते कुठं हाय? निसतं सरसर-सरसर ऐकू येतंय."

मला वाईट वाटले. खरे सांगायचे तर रागही आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कानांनी माझ्या व्यवस्थेत खोट काढावी! पण मी खोक्याला कान लावला आणि आबांचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. जात्याची घरघर नव्हती. ओवीचे शेवट कातरीने कापल्यासारखे होते. वरच्या सुरात आवाज फाटत होता. आणि साऱ्यामागे आधणाच्या पाण्यासारखी एक अखंड सरसर होती.

इथून माझा अभ्यास सुरू झाला. (विद्यापीठाच्या परीक्षेचा नव्हे, हे निकालावरून दिसलेच.) ग्रंथालयातली पुस्तके चाळली, विज्ञान शाखेच्या एका सरांना मधल्या सुट्टीत पुष्कळ छळले. मला जे उमगले ते आमच्याच भाषेत सांगतो.

उजनीकाठच्या माणसाला 'उणे' हा शब्द शिकवावा लागत नाही. धरणात पाणी मावते सुमारे ११७ टीएमसी. पैकी ६३ टीएमसीच्या वर साठा मृत धरला जातो. पाणी त्या रेषेखाली गेले, की वर्तमानपत्रात उजनी 'उणे' छापून येते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. संगणकातल्या आवाजालाही असाच उणे आहे. तिथे शून्य म्हणजे तुडुंब भरलेली पातळी. त्याच्या वर काही नाही आणि खाली सारे उणे. म्हणूनच मी प्लेअरला दोनशेवर नेले तेव्हा आवाजाला जोर आला नाही. जे सूर काठोकाठ होते त्यांचे माथे छाटले गेले. पुढे कितीही हळू केले तरी छाटलेले माथे परत कसे उगवणार?

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. संगणक आवाज साठवतो तो आकड्यांत. सीडीवर एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजलेली असते आणि दर वेळी ती ६५,५३६ पायऱ्यांपैकी कोणत्या तरी एका पायरीवर बसवलेली असते. यालाच सोळा बिट म्हणतात. माझ्या लॅपटॉपमधून आवाज बाहेर पडत होता तोही याच मापाने. आवाज सहा डेसिबलने उतरवला की उंची निम्मी होते आणि एक बिट कामातून जातो. चाळीस डेसिबल उतरवला तर उंची शंभरावा हिस्सा. म्हणजे ६५,५३६ पैकी साडेसहाशे पायऱ्या उरल्या. आजीचा खणखणीत सूर तेवढ्यात भागवून घेईलही, पण ओवी संपताना विरत जाणाऱ्या सुराच्या वाट्याला दोन-चार पायऱ्या. मग तो उतरणार कसा? तो कोसळतो. आबांना ऐकू येत नव्हता तो सूर तिथे कोसळत होता.

सरांनी सेटिंगमध्ये जाऊन सोळाच्या जागी चोवीस बिट करायला लावले. तिथे पायऱ्या होतात एक कोटी सदुसष्ट लाखांवर. सोळा बिटांचे गाणे त्यात अठ्ठेचाळीस डेसिबल खाली उतरवले तरी त्याची एकही पायरी मोडत नाही. मी प्लेअरही दोनशेवरून शंभरावर आणला. सूर फाटायचा थांबला, ओवीचे शेवट पुष्कळ सुधारले. पण सरसर मात्र होती तशीच.

ती सोडवली अण्णांनी, आणि तीही नकळत. एका रात्री पाणी देऊन परतले आणि चिखलाचे पाय धूत असताना माझी खटपट पाहून विचारते झाले. मी सांगितले, की लॅपटॉपमध्ये आवाज अगदी बारीक सोडतो आणि पुढे अॅम्प्लिफायर तो वाढवतो. अण्णा हसले. म्हणाले, "असं दारं धरतं का कुणी? मोटरीपाशी बारीक धार सोडली तर ती वावरात पोचंल का? दंडच पिऊन टाकील की सगळं. दंडातनं पानी भरून येऊं दे. बारीक करायचं ती वाफ्याच्या तोंडाशी."

ज्यांनी कधी दारे धरली नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मातीच्या दंडातून पाणी नेताना जमीन आपला वाटा घेतेच. धार भरलेली असली तर त्या वाट्याने काही बिघडत नाही. धार बारीक असली तर तो वाटाच सारे खाऊन टाकतो. वायरीतून आणि यंत्रातून जाणाऱ्या आवाजाचे अगदी असेच आहे, फक्त पाणी झिरपते त्याऐवजी इथे खरखर मिसळते. लॅपटॉपच्या यंत्राची आपली एक सरसर असते. ती गाणे मोठे असो की बारीक, तेवढीच राहते. मी गाणे तिथेच बारीक करत होतो, म्हणजे ते सरसरीच्या शेजारी नेऊन बसवत होतो. आणि पाऊण उघडा अॅम्प्लिफायर त्या दोघांना सारखेच मोठे करत होता. उन्हाळ्यात धरण उतरले, की इंदापूरच्या बाजूला पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर येते. ते काही वर उचलले जात नाही. ते जागच्या जागीच असते, पाणी खाली गेलेले असते. माझी सरसरही जागच्या जागीच होती. मीच पाणी उतरवून तिला उघडी पाडली होती.

दुसऱ्या दिवशी अॅम्प्लिफायरचे बटण साफ केले, लॅपटॉपचा आवाज पूर्ण शंभरावर ठेवला आणि हळू करायचे ते बटणाने केले. सरसर गेली! पण नवाच घोटाळा. आमच्या घराला पुरेल एवढा हळू आवाज बटण जेमतेम हलवल्यावरच येई, आणि तिथे डावे खोके बोले तर उजवे मुके. रात्री असे एका कुशीवर ऐकणे आबांना मुळीच पसंत पडले नाही.

टेंभुर्णीच्या बाजारात एक मामा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. त्यांच्याकडे अॅम्प्लिफायर पिशवीत घालून नेला. त्यांनी सांगितले, की या बटणात कार्बनच्या दोन पट्ट्या असतात, एक डाव्या बाजूची, एक उजव्या बाजूची. सुरुवातीच्या टोकाला त्या एकमेकींशी कधीच तंतोतंत जुळत नाहीत. बटण मध्याच्या आसपास फिरलेले असले, की दोघी गुण्यागोविंदाने चालतात. "मग त्याला मध्यापर्यंत यायला जागा दे," मामा म्हणाले. त्यांनी माझ्या वायरीत प्रत्येक बाजूला दोन-दोन रेझिस्टर टाकले, एक सुमारे नऊ हजार ओहमचा, एक हजाराचा. त्यामुळे अॅम्प्लिफायरला आवाजाचा दहावा हिस्साच मिळतो. वीस डेसिबल कमी. आणि कमी होताना गाणे आणि लॅपटॉपची सरसर दोन्ही एकाच मापाने कमी होतात, त्यामुळे त्यांच्यातले अंतर मोडत नाही. रेझिस्टर त्यांनी वायरीच्या अॅम्प्लिफायरकडच्या टोकाला बसवले. मी विचारले, "या टोकाला का?" तर म्हणाले, "वाटेत जी खरखर भरंल, तीबी दहावा हिस्साच आत जाईल." अण्णांचेच म्हणणे! दार वाफ्याच्या तोंडाशी. या कामाचे मामांनी एका चहाचे पैसे घेतले आणि चहा त्यांनीच पाजला.

आता बटण अर्ध्यावर, दोन्ही खोकी समान, सरसर नाही. मी त्या रात्री एखाद्या शास्त्रज्ञाच्या रुबाबात आजी लावली.

आबा पुष्कळ वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता ती हाय. पर जातं न्हाई."

मी खोक्याला कान लावला. जाते होते! स्पष्ट, घरघरत होते. पलंगापाशी येऊन ऐकले तर नव्हते. आता हे कोणाचे खूळ?

यंत्राचे नव्हे, कानाचे. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ सालीच हे दाखवून दिले होते. आवाज जसजसा हळू होतो, तसतसे आपल्या कानाला खर्जातले सूर इतर सुरांपेक्षा लवकर ऐकू येईनासे होतात. म्हणजे यंत्राने सारे इमानाने पोचवले तरी हळू आवाजात जाते आधी जाणार आणि आजी मागे राहणार. जुन्या अॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' म्हणून एक बटण असे. आमच्याही आहे. आजवर साऱ्या घराचा समज होता, की ते गोंगाट करण्याचे बटण आहे. म्हणून आईने त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. खरे पाहता ते हळू ऐकणाऱ्यांसाठीच आहे. कानाला कमी पडणारा खर्ज ते तेवढा भरून काढते. मी चिकटपट्टी काढली.

आणि दुसरी गोष्ट केली ती इतकी साधी, की आधी का सुचली नाही याची लाज वाटते. खोकी समोरच्या फडताळातून काढली आणि आबांच्या उशाशी, दोन हातांवर, स्टुलावर ठेवली. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले, की आवाज सहा डेसिबलने वाढतो. घरात थोडा कमी, पण वाढतो. म्हणजे आबांना तेवढेच ऐकू येऊन बाळाच्या खोलीत जाणारा आवाज कितीतरी कमी करता आला. महिनाभर मी पायऱ्या मोजत होतो, बिट मोजत होतो, आणि ज्याला ऐकायचे त्याच्याजवळ आवाज नेऊन ठेवावा, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

पौषातली रात्र होती. अण्णा मोटार चालू करून परतले होते आणि घोंगडी घेऊन दारातच टेकले होते. मी आजी लावली. जाते फिरू लागले. जुन्या गावच्या घाटावरून आजी बोलू लागली. दर ओवीच्या शेवटी तिचा सूर लांबत, बारीक होत, जात्याच्या घरघरीत मिसळून जाई, आणि तो कुठे संपला ते सांगता येत नसे. बांगड्याही ऐकू येत होत्या. आबांनी एक हात खोक्यावर ठेवला होता. खर्ज त्यांना बहुधा हातानेच ऐकू येत असावा.

अकरा मिनिटे संपत आली. शेवटची ओवी झाली, जाते थांबले. मी बंद करायला हात पुढे केला तोच आबांनी खुणेने थांबवले.

जाते थांबल्यावर त्या फाइलीत काही सेकंद आहेत. मी ती गोंगाट समजून कधी नीट ऐकलीच नव्हती. हळद दळणाऱ्या बायकांची कुजबुज, कोणाचे तरी हसणे. आणि त्या सगळ्याखाली, अगदी हळू, ओवीच्या नव्हे तर रोजच्या आवाजात, आजी कोणाला तरी विचारते आहे: "ह्यांचं जेवान झालं का?"

लग्नघराच्या त्या गर्दीत तिला कोणी उत्तर दिल्याचे ऐकू येत नाही. फाइल तिथेच संपते.

घरात कोणी काही बोलले नाही. अण्णा उठून उगाच दाराची कडी पाहून आले. थोड्या वेळाने आबा खोक्याकडे तोंड करून म्हणाले, "झालं म्हनावं." मग माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात, "बंद कर आता. लेकरू उठंल."

बाळ उठले नव्हते. आईही उठली नव्हती.

त्या रात्रीपासून अॅम्प्लिफायरच्या बटणापाशी खडूची एक बारीक रेघ आहे. तिच्या पुढे बटण नेऊ नये आणि मागेही आणू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. लॅपटॉप मी परीक्षेच्या दिवसांत कॉलेजला आणतो, तेव्हा फाइल अण्णांच्या मोबाइलमधून त्याच वायरीने लागते. मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवायचा आणि हळू करायचे ते बटणाने, हे आता आबांनाही पाठ झाले आहे. परवा दादाने जत्रेतल्या डॉल्बीची तारीफ चालवली होती, तेव्हा ते त्याला म्हणाले, "मोठ्यानं कुनीबी वाजवंल. हळू वाजवून दाव."